कुंदाने सांगितलं नाही

जबलपूरच्या नेपियर टाऊनात कुंदा निखाडेचा अपमान करून सुखाने झोपलेला माणूस अजून दाखवायचा आहे. कोणाला ही फुशारकी वाटत असन तर वाटू द्या. निखाड्यांच्या घरात खोटं बोलायची रीत नाही, आणि विसरायची तर त्याहून नाही.

चौदा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. बाप दुकानांचे बोर्ड रंगवायचा. असं सुंदर देवनागरी अक्षर जबलपूरमध्ये दुसऱ्या कोणाचं नव्हतं. कुंदा त्याच्या शिडीखाली बसून ब्रश धुवायची आणि धुता धुता अक्षर शिकली. एका कापडवाल्याने तिच्या हातात ब्रश पाहिला आणि म्हणाला, "निखाडेजी, लडकी के हाथ का नहीं चलेगा." बापाने तिच्या हातून ब्रश घेतला. तीन वर्षांनी त्या बोर्डाचे पोपडे निघाले. बाप तोवर अंथरुणाला खिळलेला, आणि कापडवाला दारात उभा, की बेटी तूच करून दे. कुंदा म्हणाली, "भैया, किसी लडके के हाथ का ढूंढ लीजिए." आणि दार लावून घेतलं. त्या महिन्यात घरात एकच भाजी दोन वेळा पुरवून खाल्ली, पण त्याचा बोर्ड तिने केला नाही.

पुढे फ्लेक्स आले, ब्रश गेला. तेव्हा दहावीवरच शाळा सोडलेल्या मोठ्या भावाने घरातच स्कूटरच्या सीट शिवायचं दुकान टाकलं आणि बहिणीला कम्प्युटरच्या क्लासला घातलं. असा भाऊ दहा मोहल्ल्यांत सापडायचा नाही. पण ही गोष्ट भावाची नाही, कुंदाची आहे.

कुंदा लागली शैलेंद्रजींच्या कारखान्यात. शैलेंद्रजी आपलेच, मराठी. घराणं मराठ्यांच्या फौजेसोबत इकडे आलेलं, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला चहासोबत सांगत. काम संगमरवरावर अक्षरं कोरायचं: घरांच्या पाट्या, देवळातल्या देणगीदारांच्या शिळा, उद्घाटनाचे दगड. पुढे ऑफिस, मध्ये अंगण, मागे शेड. शेडमध्ये विठोबाकाका छिन्नी-हातोडी घेऊन बसायचे. साठी उलटलेली, उजव्या कोपराला सदा पट्टा.

ह्या कारखान्याची रीत साऱ्या जबलपूरहून वेगळी होती. दुसरीकडे अक्षर छापून आणत आणि दगडावर चिकटवत. इथे कुंदा कम्प्युटरवर मजकूर मांडायची, आणि विठोबाकाका स्क्रीनच्या काचेवरच बटर पेपर चिकटवून पेन्सिलीने अक्षर गिरवून घ्यायचे. मग कागदाच्या पाठीला गेरू लावून दगडावर दाबायचे. काका म्हणायचे, छापलेलं अक्षर मेलेलं असते, हाताखालून गेलं की जिवंत होते. कुंदाला हे पटायचं. फक्त एक होतं, काचेवर जेवढं दिसन तेवढंच दगडावर उतरन. म्हणून ती रोज सकाळी स्टीलची फूटपट्टी काचेवर ठेवून बघायची, की कम्प्युटर ज्याला एक इंच म्हणून राहिला तो खरोखर एक इंच आहे की नाही. एकोणीस वर्षांत एक दगड वाया गेला नाही.

मग शैलेंद्रजींचा पोरगा तनय पुण्याहून शिकून परत आला.

ह्याच तनयला, पाच-सहा वर्षांचा होता तेव्हा, कुंदाने मांडीवर बसवून अ-आ-इ गिरवायला शिकवलं होतं. आता तो मराठी समजायचा पण बोलायचा हिंदीत, आणि कुंदा त्याला तनयजी म्हणायची. त्याने पहिल्याच आठवड्यात कुंदाचा जुना कम्प्युटर उचलून भंगारात दिला. जागी आल्या दोन नव्या चोवीस इंची स्क्रीन आणि साबणाच्या वडीएवढी एक डबी. तिचं नाव डॉक. दोन्ही स्क्रीनच्या वायरी त्या डबीत, आणि डबीची एक वायर तनयच्या लॅपटॉपमध्ये.

"एक वायर लगाओ, सब चालू. एक वायर निकालो, घर ले जाओ," तनय म्हणाला. "अब बताओ दीदी, कैसा है?"

"चांगलं आहे," कुंदा म्हणाली.

चांगलंच होतं. उभा दगड आता एका स्क्रीनवर सरकवत बसायची गरज नव्हती. वरच्या ओळी डाव्या स्क्रीनवर, खालच्या उजव्या स्क्रीनवर, काका एकाच बैठकीत दोन्ही गिरवून घ्यायचे. पण चौथ्या दिवशी कुंदाने फूटपट्टी लावली आणि उजव्या काचेवरचा एक इंच सव्वा इंच निघाला.

तिने शोधून काढलं. लॅपटॉपची काच लहान, म्हणून त्यावर सगळं दीडपट मोठं करून दाखवायची सेटिंग. बाहेरच्या दोन स्क्रीनवर शंभर टक्के, म्हणजे जसंच्या तसं. पण तनय दुपारी लॅपटॉप काढून न्यायचा, परत आणून लावताना डबीच्या वायरी ओढल्या जायच्या, कधी ह्या भोकातली त्या भोकात जायची. मग लॅपटॉपला वाटायचं की ही कोणती नवीनच स्क्रीन आली, आणि तो आपल्या मनाने तिला सव्वाशे टक्के करून टाकायचा. आकडा तोच राहायचा, तीन इंच म्हणजे तीन इंच. काचेवर मात्र पावणेचार.

"तनयजी, वायर काढली की दरवेळी मोजावं लागते," ती म्हणाली.

तनय हसला. "दीदी, स्क्रीन को फूटपट्टी से कौन नापता है? सब ऑटोमॅटिक है."

 कुंदा रोज सकाळी आपल्या हाताने शंभर करायची आणि कामाला लागायची.

सिहोऱ्याचे योगेंद्रजी, तेही मराठीच, बियाण्यांचे व्यापारी. आई भानुमतीबाई गेली त्याला वर्ष होत आलं होतं. आईच्या नावाने त्यांनी गावात दवाखान्यासाठी एक खोली बांधून दिली, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी तिथे दगड बसवायचा होता. मजकूर साधा. वर आईचं नाव साडेतीन इंचात, खाली "यांच्या स्मरणार्थ", त्याखाली पोराचं नाव तीन इंचात. कुंदाने मांडणी केली, योगेंद्रजींनी मान हलवली. देणाऱ्याचं नाव गेलेल्या माणसापेक्षा बारीक असावं, ही जुनी रीत आहे.

ज्या दिवशी काका गिरवणार होते, त्या दुपारी शैलेंद्रजींनी कुंदाला दुसऱ्या एका कामाच्या मजकुरावर सही आणायला सिविल लाइंसला पाठवलं. वरच्या ओळी काकांनी ती असतानाच गिरवल्या होत्या. तनय लॅपटॉप घेऊन जेवायला गेला, आला, वायर लावली. काका उजव्या काचेसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बेटा, खालची ओळ मोठी दिसून राहिली." तनय फोनवर होता. हाताने म्हणाला, चलने दो.

काकांनी गिरवलं. दुसऱ्या सकाळी कुंदाने सवयीने फूटपट्टी लावली, उजवी स्क्रीन सव्वाशेवर दिसली, तिने शंभर केली. तिला काय माहीत की काल त्या सव्वाशेवरूनच अक्षर उतरलं.

पांढऱ्या दगडात कोरलेलं अक्षर काळा रंग भरेपर्यंत नीट दिसत नाही. रंग भरला, दगड अंगणात उभा केला, आणि योगेंद्रजी आपल्या दोन चुलत्यांना आणि गावच्या सरपंचाला जीपमध्ये घालून घेऊन आले. बघतात तर आईचं नाव साडेतीन इंच, पोराचं पावणेचार.

योगेंद्रजी ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "गावात लोक म्हणतीन, आई मेली तर योगेंद्र मोठा झाला."

शैलेंद्रजींचा चेहरा उतरला. तेव्हा तनय पुढे आला आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईन अशा आवाजात म्हणाला, "पापा, ये दीदी का काम है. साइज गलत डाल दिया."

"फाइल उघडून बघा," कुंदा म्हणाली. "तीन इंच आहे."

तनयने फाइल उघडली. तीनच इंच. तरी तो म्हणाला, "तो बाद में ठीक कर दिया होगा, छुपाने के लिए. दीदी को पेंट भरने पर बिठा दो पापा. कम्प्युटर इनके बस का नहीं है."

काय झालं ते कुंदाला आता कळलं, पण दाखवणार काय? स्क्रीन तिने स्वतःच्या हाताने शंभर केलेल्या. गिरवलेले कागद गेरू लावून फाटून गेलेले. साक्षीला एकच माणूस होता. कुंदाने विठोबाकाकांकडे पाहिलं. काका आपल्या चपलेकडे बघून राहिले होते. त्यांची नोकरी शैलेंद्रजींच्या एका शब्दावर, आणि ह्या वयात दुसरीकडे छिन्नी कोण धरू देणार. कुंदाला हे कळत होतं. कळलं म्हणून तिने माफ केलं असं कोणी समजू नये.

शैलेंद्रजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "कुंदा, काही दिवस रंगाचं बघ."

घरी आली, चपला काढल्या, पाणी प्यायली आणि मोठ्या भावाला सगळं सांगितलं. भावाने शिलाईची मशीन बंद केली आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. अंगणातून शैलेंद्रजींच्या पोराला उचलून रस्त्यावर ठेवायला त्याला पाच मिनिटं लागली नसती, मोहल्ल्याला माहीत आहे.

"दादा, बस," कुंदा म्हणाली.

"काहून बसू? निखाड्यांच्या पोरीला चोर म्हणते का तो?"

"तू मारशीन तर तो बिचारा होऊन जाईन. मला त्याला बिचारा नाही करायचं."

"मग काय करायचं आहे?"

"त्याने अंगणात म्हटलं. त्याच लोकांसमोर, तेवढ्याच मोठ्या आवाजात त्याने कबूल केलं पाहिजे. माझं अक्षर मला परत पाहिजे. बाकी काही नको."

"आन् नाही केलं तर?"

"करन," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती शेडच्या तोंडाशी पाटावर बसली. समोर काळ्या रंगाची वाटी, बारीक ब्रश, चिंधी. नामफलकांत रंग भरायची. ऑफिसचं दार उघडं असायचं आणि तिला दोन्ही स्क्रीन दिसायच्या. आता त्यांना शंभर करणारं कोणी नव्हतं. तिसऱ्याच दिवशी उजवीवरची चित्रं डावीपेक्षा ढोबळ दिसायला लागली. तनयला ती बरीच वाटायची, डोळ्याला त्रास कमी.

त्याने योगेंद्रजींचा मजकूर नव्याने मांडला, स्वतः. आईचं नाव साडेतीन, स्वतः टाकलं. पोराचं तीन, स्वतः टाकलं. दोनदा तपासलं. मग काकांना हाक मारली.

काका उजव्या काचेसमोर जरा जास्त वेळ उभे राहिले. "तनयबेटा, एकदा मोजून घेऊ का?"

"काका, यहाँ लिखा है ना तीन इंच. इस बार मैंने खुद डाला है."

काकांनी एकदा वळून शेडकडे पाहिलं. कुंदा एका डॉक्टरच्या पाटीत रंग भरून राहिली होती. तिने मान वर केली नाही.

तेव्हा एक शब्द बोलली असती तर काम थांबलं असतं. फूटपट्टी तिच्या पिशवीतच होती. ती बोलली नाही. चार दिवस काका कोपराला गरम पट्टा बांधून ठोकत राहिले, मध्येच हात झटकायचे, पुन्हा ठोकायचे. ती चार हातांवर बसून ऐकत राहिली. कोणी म्हणन हा दुष्टपणा आहे. असन. पण ज्याला चारचौघांत खोटारडा म्हटलं नाही, त्याने हे ठरवू नये.

पाचव्या दिवशी दगड रंगासाठी तिच्याचसमोर आला. तिने भरला. असा भरला की एक थेंब कडेच्या बाहेर नाही, आणि योगेंद्रजींच्या नावातली प्रत्येक मात्रा उन्हात चमकावी. मग दगडावर पांढरी चादर टाकली आणि हात धुतले.

योगेंद्रजी त्याच जीपमध्ये, त्याच माणसांना घेऊन आले. वर्षश्राद्धाला आठच दिवस राहिले होते. शैलेंद्रजींनी स्वतः चादर काढली.

 सरपंच एकदा वर बघायचे, एकदा खाली. योगेंद्रजींनी टोपी काढून हातात घेतली.

"परत?" ते म्हणाले.

शैलेंद्रजींनी सवयीने कुंदाकडे पाहिलं. आणि तनय, तोंडाचा रंग उडालेला, तरी तो म्हणालाच, "पेंट भरते टाइम मोटा कर दिया होगा दीदी ने."

ह्याचीच ती वाट बघत होती. पिशवीतून फूटपट्टी काढून तिने योगेंद्रजींच्या हातात दिली.

"तुम्ही मोजा, जी. रंग सोडा, छिन्नीची कड मोजा. रंग आत भरते, रंगाने दगड वाढत नाही."

योगेंद्रजींनी वाकून मोजलं. "पावणेचार."

"आता आत या. सगळे या."

सगळे ऑफिसात शिरले. सरपंचही, जीपचा ड्रायव्हरही. कुंदाने कम्प्युटरवर एक इंचाची रेघ काढली, एक डावीकडे, एक उजवीकडे. योगेंद्रजींना म्हणाली, "लावा पट्टी."

डावीकडे एक इंच. उजवीकडे सव्वा.

"ही बी एक इंच आन् ती बी एक इंच," कुंदा म्हणाली. "तनयजी, खरी कोणती?"

तनय डबीकडे बघून राहिला होता. कुंदाने सेटिंग उघडून दाखवली. इकडे शंभर, तिकडे सव्वाशे. लॅपटॉप रोज उठून बाहेर जाते, परत येते, वायर इकडची तिकडे होते, आणि ही स्क्रीन आपल्या मनाने फुगते, हे तिने साध्या शब्दांत सांगितलं. सिहोऱ्याच्या लोकांना एका दमात समजलं. बियाणं तोलणाऱ्याला काटा चुकवणं समजावून सांगावं लागत नाही.

"पहिल्याच हप्त्यात सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "मोजा म्हणून."

शैलेंद्रजी घसा साफ करून म्हणाले, "चलो, मशीनची चूक आहे. कोणाचीच नाही."

"शैलेंद्रजी, मागच्या वेळी मशीनची नव्हती. मागच्या वेळी माझी होती. नाव घेऊन होती."

शैलेंद्रजींनी पोराकडे पाहिलं. तनय जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सॉरी दीदी. गलती हो गई."

"इथे नाही. अंगणात म्हटलं होतं."

"दीदी, प्लीज."

"अंगणात. त्या दिवशी जेवढ्या आवाजात म्हटलं तेवढ्याच. नाही तर योगेंद्रजींचा दगड आठ दिवसांत कोण करते ते बघा. मी रंगवाली आहे."

तनयने बापाकडे पाहिलं. शैलेंद्रजींनी मान दुसरीकडे वळवली. योगेंद्रजी टोपी हातात घेऊन उभे, त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती, कोणासाठीच नव्हती, फक्त आठ दिवसांचा आकडा होता.

सगळे अंगणात आले. तनय त्याच जागी उभा राहिला. "दोनों पत्थर मेरी वजह से बिगडे," तो म्हणाला. "दीदी की गलती नहीं थी. दीदी ने कुछ छुपाया नहीं. मैं झूठ बोला." शेवटचे शब्द बोलताना आवाज बसला, तेव्हा कुंदा तशीच बघत राहिली, आणि त्याने ते परत एकदा, नीट, म्हटले.

तिला वाटलं होतं छाती हलकी होईन. तशी काही झाली नाही. पण बरं वाटलं, उगाच खोटं काहून सांगा. खूप बरं वाटलं.

"काम होईन," ती योगेंद्रजींना म्हणाली. "पहिल्या दगडाची पाठ कोरी आहे, घासून घेऊ. लॅपटॉप ह्या टेबलावरून हलणार नाही. आणि रंग तनयजी भरतीन."

 दुसऱ्या दिवशी पाटावर बसून तनय चिंधीने रंगाचे डाग पुसायला शिकत होता.

आत विठोबाकाका उजव्या काचेवर बटर पेपर चिकटवत होते. कुंदाने आधी दोन्ही स्क्रीन मोजल्या, मग त्यांच्यासाठी कागदाचा कोपरा धरला. काकांनी पेन्सिल लावली, थांबले.

"कुंदा, रंग भरताना दिसलं असन ना तुला?"

"रंगाच्या आधीच माहीत होतं. तुम्ही मोजून घेऊ का म्हटलं, तेव्हापासून."

काकांनी डाव्या हाताने कोपर दाबलं. "चार दिवस ठोकलं मी."

"ऐकू येत होतं."

"एक शब्द बोलली असती, पोरी."

"तुम्ही बी बोलले असते, काका. त्या दिवशी. अंगणात."

विठोबाकाकांनी पेन्सिलीचं टोक बघितलं. ते बोथट नव्हतं, तरी त्यांनी ब्लेडने पुन्हा काढलं, भुकटी फुंकली आणि गिरवायला घेतलं.  कुंदाने कागद ओढून धरला आणि अक्षर पूर्ण होईपर्यंत सोडला नाही. माफी त्यांनी मागितली नाही, तिनेही मागितली नाही. चार वाजता चहा आला, तो दोघांनी एकाच टेबलावर प्यायला.